मराठी शोधप्रबंधातले संदर्भ लाटेकमध्ये कसे सांभाळावेत

संदर्भसूची अगदी शेवटी, सगळी प्रकरणं लिहून झाल्यावर करायची, असा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. प्रबंधाचं सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीनं होतं. तोवर पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं, छायाप्रतीवर शीर्षकपान नसतं, संकेतस्थळावरचं पान हललेलं असतं आणि वहीत नुसतं ‘जोशी, पृ. ४७’ उरलेलं असतं. कोणते जोशी, कोणती आवृत्ती, हे तेव्हा कोण सांगणार? नोंदीचं काम साधन हातात असतानाच करायचं असतं, आणि तेव्हा ते पाच मिनिटांचं असतं. क्रमांक लावणं, यादी लावणं, दुवे जोडणं ही पुढची मेहनत संगणक आनंदानं करतो, पण मुळातली नोंद नीट असेल तरच.

हे मार्गदर्शन मराठीत किंवा मराठी-इंग्रजी अशा दोन्ही साधनांवर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी आहे. लाटेकची, म्हणजे आज्ञा लिहून ग्रंथ जुळवणाऱ्या संगणकप्रणालीची, तोंडओळख आहे असं धरलं आहे. आज्ञांची आणि रकान्यांची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन अक्षरांत लिहायची आणि आज्ञेच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची.

साधनांची निवड

लाटेकची फाइल पीडीएफमध्ये बदलणारे प्रोग्रॅम अनेक आहेत. देवनागरीसाठी त्यांतला झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या. पीडीएफलाटेकच्या वाटेला जाऊ नका, त्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या आपोआप नीट बसत नाहीत. लुआलाटेक वापरणार असाल तर फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आणि रेंडरर (अक्षरांची जुळणी करणारा भाग) हार्फबझ असं स्पष्ट सांगा, नाहीतर ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडेल. फॉन्ट म्हणून आयआयटी मुंबईनं तयार केलेला शोभिका मला प्रबंधासाठी फार योग्य वाटतो. तो मोफत आहे, आणि देवनागरीबरोबर रोमन अक्षरंही त्यात असल्यानं मिश्र सूचीत दोन लिपी एकमेकींना खुपत नाहीत.

संदर्भांसाठी बिबलेटेक हे पॅकेज आणि त्याच्या जोडीला बायबर हा प्रोग्रॅम. जुनं बिबटेक १९८५ सालचं आहे. ओरेन पटाश्निक यांनी ते लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेकसाठी लिहिलं तेव्हा युनिकोड अस्तित्वातच नव्हतं. त्यामुळे देवनागरी नावं वर्णानुक्रमे लावणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. बायबर युनिकोड जाणतो. एकच अपवाद करा: इंग्रजी नियतकालिकाला लेख पाठवायचा असेल आणि त्यांच्या साच्यात बिबटेक व नॅटबिब असेल, तर निमूटपणे तेच वापरा. साच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका.

नोंदी साठवायला झोटेरो घ्या. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सुरू झालेला हा प्रोग्रॅम मुक्त आणि मोफत आहे. त्याला ‘बेटर बिबटेक’ हे जोडसाधन लावलं की झोटेरोतला संग्रह बिब फाइलीत, म्हणजे लाटेकसाठीच्या संदर्भनोंदींच्या फाइलीत, उतरवता येतो आणि निर्यात करताना ‘कीप अपडेटेड’ निवडलं तर नवी नोंद आपोआप त्या फाइलीत जाते. ज्यांना झोटेरो नको वाटतो त्यांनी जॅबरेफ पाहावं, ते थेट बिब फाइलीवरच काम करतं.

नोंद: इथे घाई नको

प्रत्येक नोंदीला तीन अंगं असतात: प्रकार, सायटेशन की (मजकुरातून त्या नोंदीला बोलावण्याचं सांकेतिक नाव) आणि रकाने.

प्रकार चुकला तर पुढचं सगळं चुकतं. सर्वांत जास्त गफलत संपादित ग्रंथातल्या लेखाबाबत होते. तुम्ही वाचलेला लेख एकाचा, ग्रंथाचे संपादक दुसरे. अशी नोंद ‘बुक’ म्हणून केली तर लेखकाचं श्रेय संपादकाला जातं. तिचा प्रकार ‘इनकलेक्शन’. त्यात ‘ऑथर’ म्हणजे लेखाचा लेखक, ‘टायटल’ म्हणजे लेखाचं शीर्षक, ‘बुकटायटल’ म्हणजे ग्रंथाचं नाव, ‘एडिटर’ म्हणजे संपादक, आणि ‘पेजेस’मध्ये लेखाची पहिली व शेवटची पानं. गौरवग्रंथ, स्मरणिका, परिसंवादातल्या निबंधांचे संग्रह यांची आपल्याकडे रेलचेल आहे, म्हणून हा प्रकार मराठी अभ्यासकाला रोज लागतो. नियतकालिकातल्या लेखाला ‘आर्टिकल’, प्रबंधाला ‘थिसिस’ आणि केवळ संकेतस्थळावर असलेल्या मजकुराला ‘ऑनलाइन’.

सायटेशन की रोमन लहान अक्षरांत ठेवा: आडनाव, वर्ष आणि शीर्षकातला एक ठळक शब्द, मधे मोकळी जागा किंवा स्वल्पविराम नको. बायबरला देवनागरी चालू शकते, पण मजकूर लिहिताना दर वेळी कळफलक बदलावा लागतो आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकानं उल्लेख सापडेनासा होतो. एकदा ठरलेली सायटेशन की बदलू नका. बेटर बिबटेकमध्ये ती पक्की करून ठेवायची सोय आहे. नाहीतर शीर्षकातली चूक सुधारली की सायटेशन कीही बदलते आणि प्रकरणातले उल्लेख तुटतात.

आता नावं. बिब फाइलीत ‘आडनाव, नाव वडिलांचं नाव’ अशा क्रमानं, मधे स्वल्पविराम देऊन लिहा. स्वल्पविराम दिला की कोणता भाग आडनाव याचा अंदाज बायबरवर सोडावा लागत नाही. दोन लेखकांमध्ये मात्र रोमन अक्षरांतला ‘अँड’च हवा. तिथे ‘आणि’ किंवा ‘व’ लिहिलं तर बायबर दोघांना एकच माणूस समजतो. छापताना ‘आणि’ दिसावं याची व्यवस्था शैलीकडून, म्हणजे संदर्भ कसे छापायचे ते ठरवणाऱ्या नियमसंचाकडून होते, नोंदीतून नाही. लेखक सहा असतील तर सहाही लिहा. ‘आणि इतर’ कधी म्हणायचं ते ‘मॅक्सनेम्स’ हा पर्याय ठरवेल.

संस्थेचं नाव लेखक म्हणून देताना ते दुहेरी महिरपी कंसात टाका. हा नियम विसरला तर काय होतं पाहा. केंद्र सरकारच्या मिनिस्ट्री ऑफ हेल्थ अँड फॅमिली वेलफेअरचा अहवाल इंग्रजीत नोंदवला. बायबरला मधला ‘अँड’ दिसला, त्यानं दोन लेखक केले, आणि सूचीत ‘हेल्थ’ आडनावाचे एक व ‘वेलफेअर’ आडनावाचे दुसरे असे दोन गृहस्थ छापून आले. सरकारी अहवाल, गॅझेटिअर, जनगणना यांवर काम करणाऱ्यांच्या सूचीत ही चूक हटकून सापडते. मराठीत ‘अँड’चा प्रश्न नसला तरी ‘महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ’ हे कंसाविना लिहिलं तर ‘मंडळ’ हे आडनाव ठरतं. तुकाराम किंवा जनाबाई अशी एकेरी नावं तशीच लिहिली तरी चालतात, पण ‘संत’ ही उपाधी जोडायची असेल तर सगळं कंसात घ्या आणि ‘सॉर्टनेम’ रकान्यात नुसतं नाव द्या, म्हणजे यादीत सगळे संत ‘स’खाली गोळा होणार नाहीत.

आद्याक्षरांबाबत माझं स्पष्ट मत आहे: मराठी नावांची आद्याक्षरं यंत्राला करू देऊ नका. एपीए शैलीसारख्या शैली नावाचं आद्याक्षर आपणहून काढतात. जोडाक्षरानं सुरू होणाऱ्या नावाचं त्यात काय होईल याची हमी नाही. मराठी नोंदींसाठी ‘गिव्हनइनिट्स’ हा पर्याय बंद ठेवा आणि शीर्षकपानावर ‘वि. का.’ असेल तर ‘वि. का.’, पूर्ण नाव असेल तर पूर्ण नाव लिहा.

वर्ष हा मराठी पुस्तकांतला सर्वांत नाजूक भाग. तारखेच्या रकान्यात रोमन अंकच टाका, कारण बायबर वर्ष-महिना-दिवस हा ठरावीक साचाच जाणतो. छापताना देवनागरी अंक दिसावेत ही जबाबदारी भाषेच्या पॅकेजची. जुन्या पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवा. गुढीपाडव्याआधीच्या जानेवारी ते मार्चमधलं प्रकाशन असेल तर ७९. म्हणजे शके १८२० हे १८९८-९९. नेमका महिना कळत नसेल तर दोन्ही वर्षं तिरक्या रेघेनं जोडून द्या आणि मूळ शके ‘नोट’ रकान्यात ठेवा, ते गाळू नका. पुनर्मुद्रण वाचत असाल तर ‘डेट’मध्ये तुमच्या हातातल्या प्रतीचं वर्ष आणि ‘ओरिजडेट’मध्ये पहिल्या प्रकाशनाचं. पृष्ठक्रमांक नेहमी हातातल्या प्रतीचेच असतात. काही शैली ‘ओरिजडेट’ छापत नाहीत. तसं असेल तर तेही ‘नोट’मध्ये लिहा.

इंग्रजी शीर्षकांसाठी एक दक्षता. अनेक शैली शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करतात, आणि त्यात ‘महाराष्ट्र’ किंवा ‘पुणे’ यांचंही पहिलं अक्षर लहान होऊन जातं. विशेषनामांना महिरपी कंस द्या म्हणजे शैली त्यांना हात लावत नाही. शीर्षकात टक्क्याचं चिन्ह किंवा अँपरसँड असेल तर आधी उलटी तिरकी रेघ द्या. टक्क्याचं चिन्ह उघडं राहिलं तर लाटेक त्यापुढची ओळ शेरा समजून गिळून टाकतं.

आयती नोंद मिळाली तरी शीर्षकपानाशी ताडून पाहा. गूगल स्कॉलरवरून घेतलेल्या बिबटेक नोंदीत डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) नसतो. झोटेरोत डीओआय किंवा आयएसबीएन टाकून नोंद ओढून घेणं इंग्रजी साहित्यासाठी उत्तम, पण मराठी पुस्तकांसाठी ते बरेचदा निष्फळ ठरतं. मिळालंच तर शीर्षक रोमन लिप्यंतरात येतं. १९७० च्या आधीच्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नाही. तेव्हा मराठी ग्रंथांची नोंद हातानंच, शीर्षकपान आणि त्यामागचं पान समोर ठेवून करायची. दोन्ही पानांचा फोटो काढून झोटेरोतल्या नोंदीला जोडून ठेवलात तर मौखिक परीक्षेच्या आदल्या दिवशी शांत झोप लागेल.

मजकुरातला उल्लेख

उल्लेखासाठी नुसती ‘साइट’ वापरण्याऐवजी ‘ऑटोसाइट’ वापरा. मार्गदर्शकांनी मध्येच ‘कंसातले उल्लेख नकोत, तळटिपा द्या’ असं सांगितलं तर शैली किंवा एक पर्याय बदलून काम भागतं, प्रत्येक प्रकरण उघडावं लागत नाही. लेखकाचं नाव वाक्याचाच भाग असेल तिथे ‘टेक्स्टसाइट’. मराठीत ती छान बसते, कारण नाव आणि कंसातलं वर्ष छापून झाल्यावर आपण ‘यांनी’, ‘यांच्या मते’ असं सहज जोडू शकतो आणि नावाचं सामान्यरूप करावं लागत नाही. पृष्ठक्रमांक चौकटी कंसात, सायटेशन कीच्या आधी. तिथे फक्त आकडा लिहा, ‘पृ.’ शैली लावेल.

हे ‘पृ.’, ‘संपा.’, ‘आणि इतर’ वगैरे शब्द सूचीत इंग्रजीत येत असतील तर ‘डिफाइनबिब्लिओग्राफीस्ट्रिंग्ज’ या आज्ञेनं एकदाच बदलून टाका. तळटिपांची पद्धत असेल तर ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’) हेही इथेच सांगायचं. हातानं लिहिलेलं ‘तत्रैव’ हे प्रबंधातलं सर्वांत धोकादायक वाक्य असतं. दोन तळटिपांच्या मध्ये नवी तळटीप घातली की जुनं ‘तत्रैव’ गुपचूप भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं, आणि ते मुद्रितशोधकालाही कळत नाही. ‘व्हर्बोज-इबिड’ सारखी शैली निवडली तर मागचा उल्लेख त्याच ग्रंथाचा आहे का हे ती दर वेळी पाहते आणि तेव्हाच ‘तत्रैव’ छापते. ‘उनि’ (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे आधी उल्लेख झालेला ग्रंथ) याचंही तसंच. ते शैलीनंच ठरवलेलं बरं.

प्रकरणं, आकृत्या, तक्ते

प्रबंधाच्या आतले संदर्भ ‘लेबल’ आणि ‘रेफ’ या जोडीनं. आकृतीचं ‘लेबल’ नेहमी ‘कॅप्शन’च्या नंतर द्यायचं. आधी दिलं तर आकृतीऐवजी उपविभागाचा क्रमांक छापला जातो, आणि तोही एक आकडाच असल्यानं चूक नजरेतून सुटते.

‘क्लेव्हररेफ’ हे पॅकेज ‘आकृती’, ‘तक्ता’ हे शब्दही आपणहून लावतं. इंग्रजीत ते उपयोगी आहे. मराठी गद्यात मी ते वापरू नका असंच सांगेन. आपलं नाम वाक्यात शिरलं की रूप बदलतं: ‘तक्ता ३ पाहा’, पण ‘तक्त्यावरून दिसतं’, ‘चौथ्या प्रकरणात’. यंत्र हे सामान्यरूप करू शकत नाही. शब्द स्वतः लिहा, क्रमांक ‘रेफ’कडून घ्या, आणि दोघांच्या मध्ये मोकळ्या जागेऐवजी टिल्डचं चिन्ह ठेवा, म्हणजे ‘तक्ता’ ओळीच्या शेवटी आणि ‘३’ पुढच्या ओळीत असं होणार नाही.

दुवे

यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते, आणि ती शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाते. म्हणजे तुमचा प्रबंध पडद्यावर वाचला जाणार आणि त्यातल्या दुव्यांवर कुणीतरी खरंच टिचकी मारणार. सांगलीतला किंवा शिकागोतला वाचक तुमच्या तळटिपेवरून एका क्षणात मूळ साधनापर्यंत पोचू शकतो, यापेक्षा चांगली भेट संशोधकानं संशोधकाला काय द्यावी!

त्यासाठी ‘हायपररेफ’ पॅकेज लागतं. ते जवळजवळ सगळ्या पॅकेजांच्या शेवटी बोलवायचं. उल्लेख, आकृत्यांचे क्रमांक, अनुक्रमणिका सगळं आपोआप जोडलं जातं. मूळ रूपात दुव्याभोवती रंगीत चौकटी दिसतात. त्या छापल्या जात नाहीत, पण पडद्यावर वाचताना त्रास देतात. ‘कलरलिंक्स’ घेतलं तर अक्षरं रंगीत होतात आणि ती कागदावरही उमटतात. छापील प्रतीसाठी ‘हाइडलिंक्स’ आणि शोधगंगेच्या प्रतीसाठी गडद निळा रंग, अशा दोन प्रती काढा.

डीओआय असेल तर फक्त तोच द्या. ‘डीओआय’ रकान्यात १० पासून सुरू होणारा भागच हवा, त्याआधीचा पत्ता शैली जोडते. संपूर्ण दुवा चिकटवला तर पत्ता दोनदा जोडला जातो आणि दुवा मरतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून लॉग इन करून मिळवलेल्या लेखाचा ब्राउझरमधला पत्ता तर कधीच उचलू नका. त्यात ग्रंथालयाच्या प्रॉक्सीचं नाव असतं आणि तो बाहेरच्या वाचकाला उघडत नाही. शोधगंगेवरचा प्रबंध उद्धृत करताना एखाद्या प्रकरणाच्या पीडीएफचा पत्ता न देता प्रबंधाच्या मुख्य पानावरचा हँडल दुवा द्या, ज्यात १०६०३ आणि पुढे प्रबंधाचा क्रमांक असतो. तो टिकावा म्हणूनच दिलेला असतो.

वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरचे पत्ते टिकत नाहीत. वाचलं त्याच दिवशी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान जतन करा, मूळ पत्ता ‘यूआरएल’मध्ये, पाहिल्याची तारीख ‘यूआरएलडेट’मध्ये आणि जतन केलेला पत्ता ‘अॅडेंडम’मध्ये ठेवा.

मराठी पत्त्यांचा एक खास उपद्रव आहे. विकिपीडियासारख्या स्थळावरचा देवनागरी पत्ता कॉपी केला की त्याचं टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेलं लांबलचक रूप होतं. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणून एका अक्षराची नऊ होतात. असा पत्ता समासाबाहेर पळतो. ‘एक्सयूआरएल’ हे पॅकेज घातलं की पत्ता कुठेही तुटून पुढच्या ओळीत जाऊ शकतो. विकिपीडियावर ‘छोटी यूआरएल’ मिळत असेल तर ती घ्या.

झीलाटेकमध्ये अंक देवनागरी करायला फॉन्टचं मॅपिंग वापरलं असेल तर छापलेल्या डीओआयमधले आकडेही देवनागरी होतात. दुवा चालतो, पण कागदावरून तो टाइप करणाऱ्याची पंचाईत होते. दुव्यांसाठी वेगळा, मॅपिंग नसलेला रोमन फॉन्ट ठरवा.

सूची लावताना

मराठी आणि इंग्रजी ग्रंथांच्या याद्या वेगळ्या हव्यात अशी अपेक्षा आपल्या विद्यापीठांत सर्रास असते. प्रत्येक नोंदीच्या ‘कीवर्ड्स’ रकान्यात भाषेची खूण करा आणि ‘प्रिंटबिब्लिओग्राफी’ दोनदा, प्रत्येक वेळी वेगळी खूण आणि वेगळं शीर्षक देऊन लिहा. हस्तलिखितं, मुलाखती, शासकीय कागदपत्रं यांनाही असाच वेगळा गट करता येतो.

‘सॉर्टलोकेल’ मराठी ठेवा. तरीही छापून आलेली यादी एकदा डोळ्यांनी वाचा. युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमात ‘क्ष’ हे ‘क’ला जोडलेलं ‘ष’ मानलं जातं, म्हणून क्षीरसागर ‘क’च्या गटात येऊन बसू शकतात. एखादी नोंद हट्टानं भलत्या जागी बसत असेल तर ‘सॉर्टकी’ रकान्यानं तिला जागा दाखवा.

जुळणी आणि शेवटची तपासणी

लाटेक, मग बायबर, मग पुन्हा दोनदा लाटेक, हा क्रम. पहिल्या फेरीत लाटेक फक्त कोणते उल्लेख हवेत याची चिठ्ठी लिहितं, बायबर त्यानुसार बिब फाइलीतून नोंदी काढतो आणि पुढच्या फेऱ्यांत त्या पानावर बसतात. म्हणून पहिल्या फेरीनंतर ‘रेफ’च्या जागी प्रश्नचिन्हं आणि उल्लेखाच्या जागी ठळक अक्षरांत सायटेशन की दिसली तर घाबरू नका. सगळ्या फेऱ्यांनंतरही ती दिसली तर स्पेलिंग चुकलं आहे. ‘लाटेकएमके’ ही सगळी धावपळ स्वतः करतं. ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेक-संपादकावर तेच पडद्यामागे चालतं, तिथे फक्त मेन्यूतून कंपायलर झीलाटेक किंवा लुआलाटेक करायला विसरू नका.

प्रबंध बांधायला देण्यापूर्वी लॉग फाइलीत ‘अनडिफाइन्ड’ आणि ‘मल्टिप्लाय डिफाइन्ड’ हे शब्द शोधा. एकही सापडता कामा नये. मग ‘चेकसाइट्स’ चालवा. बिब फाइलीत असूनही मजकुरात कुठेच न आलेल्या नोंदींची यादी ते देतं, आणि त्यातून एखादा महत्त्वाचा ग्रंथ उद्धृत करायचाच राहिला हे लक्षात येतं. सूची फुगवण्यासाठी ‘नोसाइट’ वापरून न वाचलेले ग्रंथ आत घेऊ नका. परीक्षक त्यांच्यावरच प्रश्न विचारतात. बिबलेटेकचा ‘बॅकरेफ’ पर्याय तात्पुरता सुरू केला तर प्रत्येक ग्रंथ कोणत्या पानांवर आला ते सूचीतच दिसतं. ती प्रत हातात घेऊन ज्या ग्रंथांवर प्रबंधाची मांडणी उभी आहे त्यांचे उल्लेख मूळ पानाशी जुळवा, आणि पीडीएफमधल्या प्रत्येक बाहेरच्या दुव्यावर, विद्यापीठाच्या नेटवर्कवर नसताना, स्वतः एकदा टिचकी मारून पाहा.